काळ्या दगडाची लाल माती

प्रिय दादा,

मी धडधाकट आहे, जेवणखाण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

इथल्या डोंगरावर काळा दगड झिजून त्याची लाल चिकणमाती झालीय. कोरडी असताना भिंतीसारखी उभी राहते, पण आतपर्यंत भिजली की घसरते. माती तपासून मी, इथल्या रस्त्याचं खोदकाम बघणाऱ्या वहिनीच्या भावाला बजावलं होतं, "उतार उभा कापू नकोस, पायऱ्या पाड." त्याने मान डोलावली आणि उभाच कापला.

परवाच्या पावसात तो सगळा खाली आला. मजुरांच्या खोल्या गाडल्या गेल्या. नशीब, माणसं बाहेर होती. साहेबांनी जाब विचारला तेव्हा हा माझ्यादेखत म्हणाला, "हिनेच सांगितलं, धोका नाही म्हणून." दादा, त्यानेच मला इथे आणलं होतं.  मग मी खरं ते सांगितलं, पण साहेबांनी त्याचंच ऐकलं. माझं काम गेलं. दुसरं मिळेल, तू घोर लावून घेऊ नकोस.

संध्याकाळी तो खोलीवर आला. "घरी कळवू नकोस," म्हणाला, "ताईला वाईट वाटेल."

वाटू दे. हे पत्र वहिनीलाच आधी वाचायला दे. तिच्यावर माझा काडीचाही राग नाही, एवढं मात्र तू तोंडाने सांग.

तुझी,
धाकटी