धारेवरचे दोन ठोके

३ नोव्हेंबर, सोमवार

झालं! बाबांनी पैज लावली आणि दादाने ती फोनवरच घेतली. मला कुणी विचारलंसुद्धा नाही, पण डोंगर चढायचा तो मी!

विषय तोच. बाबांनी एकट्याने राहायचं की दादाकडे, त्याच्या गावी जायचं? न्हाणीघरात पडल्यापासून हेच दळण चाललंय. दादा म्हणतो, खोली रिकामी आहे, तुझी वहिनी तयार आहे, मग अडलंय कुठे? बाबा म्हणतात, अडलंय कुठेच नाही, मला यायचं नाही. आज शेवटी वैतागून म्हणाले, “रविवारी डोंगराच्या धारेवरून शिखरावर जातो आणि त्याच दिवशी खाली येतो. आलो, तर हा विषय बंद. नाही जमलं, तर बॅग मी स्वतः भरीन.”

दादाने लगेच अट घातली — बारकीने बरोबर जायचं आणि वरच्या लोखंडी खांबापाशी फोटो काढायचा. बारकी म्हणजे अस्मादिक. पन्नाशीला टेकले तरी बारकीच!

५ नोव्हेंबर, बुधवार

खरं लिहायला इथे काय हरकत आहे? कुणी वाचत नाही.

मला वाटतं, बाबा हरावेत.

गॅस पेटत नाही — मी. औषध सापडत नाही — मी. दोन गल्ल्या पलीकडे राहते ना, मग काय! आज कामावर, दातांच्या लॅबमध्ये, एक कवळी करत होते, मेणावर पुढचे दात बसवायचं नाजूक काम, आणि फोन. तसंच सोडून धावत गेले. तर घराची किल्ली हरवलेली. ती टेबलावर, अगदी समोर! मी जाम बोलले. “डोळे काय शोभेला आहेत का?” म्हणाले, “असू दे, मिळाली ना.” परत आले तर मेण थंड होऊन दात वाकडे बसलेले. सगळं पुन्हा केलं.

बाबा दादाकडे गेले तर मला झोप लागेल. लिहिलं आणि वाईटही वाटलं. पण खोडणार नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

तयारी. अंडी उकडायची, थर्मास घासायचा. बाबांनी लोखंडी टोकाची काठी काढली आणि ती माझ्या हातात दिली. म्हटलं, वय तुमचं आणि काठी मला? तर म्हणे, “तू पुढे चाल आणि काठी वाजवत चाल. जनावर असलं तर पळतं.” या डोंगरावर सशापेक्षा मोठं जनावर कुणी पाहिलेलं नाही. पण वाद कोण घालणार!

मला उंचीची भीती वाटते हे दोघांपैकी एकाच्याही लक्षात नाही.

९ नोव्हेंबर, रविवार, पहाट

निघतोय. बाबा दाढी करून, बूट घालून कधीचे तयार! देवा, सांभाळ.

१० नोव्हेंबर, सोमवार

काल हातात पेन धरवत नव्हतं. आज सुट्टी टाकली. गुडघे बोलतायत.

पायथ्यापासून धारेपर्यंत काही त्रास झाला नाही. मी पुढे, काठी टकटक करत, बाबा मागे. चढ त्यांनी माझ्यापेक्षा बरा काढला. मीच धापा टाकत होते. धार सुरू झाली. दोन्हीकडे उतार, मधे बैलगाडीएवढी वाट, वर वारा. मी फक्त पायाखाली बघत होते.

मग एक सपाट कातळ लागला. चार-पाच जण बसून खात होते. बाबांनी त्यांचा आवाज ऐकला आणि सरळ बसलेच. “आलो बघ. काढ डबा.”

मला वाटलं, थट्टा करतायत. शिखर कुठे आलं होतं? धार पुढे आणखी अरुंद होत गेलेली, मग एक खिंड, आणि तिच्यापलीकडे नुसत्या खडकाचं डोकं. त्यावर खांब उभा. लख्ख ऊन होतं, लहान पोरालाही दिसला असता! आणि हे डबा मागतायत.

माझं डोकंच फिरलं. म्हणजे हे असं जिंकायचं होतं? अर्ध्यावर बसायचं आणि दादाला सांगायचं, आलो जाऊन! मी म्हणाले, “आयुष्यभर गाडी चालवलीत. कधी शेवटच्या थांब्याच्या अलीकडून वळवलीत?”

हे त्यांना लागणारच होतं. गाडीत एकही माणूस नसला तरी बाबा एसटी शेवटच्या थांब्यापर्यंत नेऊनच परत फिरवायचे. डेपोत त्यावरून त्यांना हसायचे. बाबांचा चेहरा उतरला.

“किती राहिलंय?”

“दिसतंय ना समोर!”

“दिसतंय की,” म्हणाले आणि उठले.

खाणारी मंडळी आमच्याकडे बघत होती. मला लाज वाटली, पण राग जास्त होता. इथून तुम्ही पुढे व्हा, म्हटलं. खरं म्हणजे पाय उचलत नव्हता. समोर कुणाची तरी पाठ हवी होती. बाबा म्हणाले, ठीक आहे, मी पुढे. पण तू मागून घंटी द्यायची, आईसारखी. एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. आणि गाडी मागे घेताना ती सांगायची तसं डावं-उजवं तोंडाने सांगायचं.

आई त्यांच्याच गाडीवर कंडक्टर होती. लग्नही तिथेच जमलं. आमच्या घरात अजून हीच भाषा चालते. आई ओट्यावर उलथन्याचा एक ठोका द्यायची, की दादा आणि मी जिथल्या तिथे गप्प. दोन दिले, की भांडण पुढे चालू! मला वाटलं, म्हाताऱ्याला आईची आठवण आली. रागातही भरून आलं. काठीने खडकावर दोन ठोके दिले.

आणि बाबा निघाले. मी मागून ओरडतेय — थोडं डावीकडे, आता सरळ, उजवीकडे दगड आहे. ते तंतोतंत तसेच चाललेले. उभ्या आयुष्यात माझं इतकं कधी ऐकलं नव्हतं!

खिंडीच्या तोंडाशी वाट डावीकडे वळते. सरळ गेलं की सुटे दगड आणि त्यापुढे काही नाही. नेमकी तिथेच मी चुकून खाली बघितलं. खाली झाडं बोटाएवढी. जीभ टाळ्याला चिकटली. बाबांना थांबवायचं म्हणून काठी आपटली. एकच ठोका द्यायचा होता. पण हात इतका थरथरत होता की टोक उसळलं आणि पुन्हा वाजलं.

दोन!

बाबा सरळ निघाले. वळणाकडे न बघता, डेपोतून गाडी बाहेर काढावी तसे, ताठ. एक पाय सुट्या दगडांवर पडला. दगड सुटले, गेले. त्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला. कुठून आला माहीत नाही, पण माझा आवाज फुटला — “बाबा, बसा!” आणि ते बसले. होते तिथे, मटकन. तो पाय अजून हवेत.

मी चार पायांवर रांगत त्यांच्यापर्यंत गेले. शर्टाला मागून धरून ओढलं. दोघंही वाटेवर बसून राहिलो. मी नाही नाही ते बोलले — वेड लागलंय का, समोर कडा आणि तुम्ही सरळ चालता? ते एवढंच म्हणाले, “तू दोन दिल्यास.”

मी रडले, चांगली भोकाड पसरून. बाबांनी पाठीवरून हात फिरवला. त्यांचा हात गार पडला होता.

तिथूनच मागे फिरावं, असं माझ्या मनात होतं. मी म्हणालेही. पैज गेली खड्ड्यात, कुणी विचारलं तर सांगेन मीच घाबरले. बाबा नाही म्हणाले. मग मीच त्यांचा हात धरला. मला धीर यावा म्हणून धरला, असं मी सांगितलं. खिंड उतरलो, खडक चढलो. शेवटच्या टप्प्यावर हातही लावावे लागतात. कुठे पकडायचं ते मी सांगत गेले आणि बाबा पकडत गेले. खांबाला हात लागला तसे दोन्ही हातांनी तो कवटाळून उभे राहिले. मी फोटो काढला. “झालं?” म्हणाले. “झालं,” म्हटलं. वर आम्ही फारसं थांबलोच नाही.

उतरताना पूर्ण वेळ हात धरून. अंधार पडायच्या आत खाली.

जिंकले. मला आनंद झालाय का? झालाय. धारेवर ते दगड गेले ना, तेव्हापासून मला त्यांनी हरायला नको आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दादाला फोटो पाठवला. म्हणतो, बाबा भलतीकडेच बघतायत, पण खांब आहे, मान्य! आता तो विषय काढणार नाही. वहिनीने बाबांचं अभिनंदन केलं. सुट्या दगडांचं मी कुणालाच सांगितलं नाही. बाबांनीही नाही.

बाबा फोनवर हूं हूं करत होते. जिंकलेल्या माणसाने एवढं गप्प असावं?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

संध्याकाळी बाबांनी बोलावलं. दाराशी भरलेली बॅग. म्हटलं, हे काय, तुम्ही जिंकलात ना! म्हणाले, “मला समोरचं दिसत नाही, बारके. वर्ष होत आलं. कडेकडेचं दिसतं, मधे नुसता डाग. म्हटलं बघू, असं किती निभतं. तू मागे होतीस म्हणून वर गेलो. घरात मागून ठोके कोण देणार?”

“दिसतंय ना समोर” — मीच म्हणाले होते. मीच.

मग म्हणाले, “वरून कसं दिसत होतं, ते तरी सांग.”

सांगायला गेले, तर काही आठवेना. वर होतो तेवढा वेळ मी फक्त त्यांच्या पायांकडे बघत होते.