संपदा परत जाणार नाही

वाराणसी, ११ फेब्रुवारी २०२४

ति. पप्पा व सौ. आई यांस,
निवेदिताचा प्रभूमध्ये सलाम. वि. वि.

पप्पा, तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि तुमची नात अंतरा पाठवते ते मेसेज तुम्ही उघडत नाही, म्हणून हा टपालाचा रस्ता. बातमीही तशीच आहे. आमच्या पादरीसाहेबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि ते विश्रांतीला मुलाकडे लखनौला गेले. ते परत येईपर्यंत उपासना कोणी चालवायची यावर कमिटीत बराच काथ्याकूट झाला. शेवटी सगळ्यांत वयस्कर मोहनबाबू म्हणाले की संडे स्कूल सांभाळणारी बाई समोर बसली असताना बाहेर कशाला शोधता. तुमची मुलगी आता चर्चच्या पुलपिटवर उपदेशाला उभी राहते, पप्पा!

आज पहिला उपदेश केला, हिंदीत. मागच्या बाकावरची मुलं कुजबुजायला लागली तेव्हा वर्गातल्यासारखी मराठीतच ओरडले, गप्प बसा. तुमचा जावई कुशल अजून हसतोय. अंतराचं मत असं की मम्मी अच्छा बोलती है, बस डाँटती बहुत है. मराठी बाई म्हणजे राजा घाटाकडच्या भटजींच्या घरची, असा इथल्या भाजीवाल्याचा पहिल्यापासून समज. तो मला पंडिताइन म्हणतो. आज मी चर्चमधून येतेय हे कळल्यावर जरा गोंधळला, मग म्हणाला की प्रवचन तर आपणही करता, म्हणजे पंडिताइनच.

प्रसन्नभाऊ लोंढ्यांनी फार आधार दिला. आम्ही भुसावळहून बदलीवर आलो तेव्हा घर शोधून देणारे तेच, आता कमिटीचे सेक्रेटरी आहेत. शास्त्रपाठ तेच वाचतात, शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचतो. त्यांची बायको संपदा मात्र दाराजवळ बसते आणि उपासना संपली की लगेच निघते. तिच्याशी बोलायचं राहूनच जातं.

तुम्ही आयुष्यभर पाळक म्हणून चर्चच्या मंडळ्या सांभाळल्यात. मला चार गोष्टी शिकवा. लोभ आहेच, आता थोडा धाकही असू द्या.
तुमची,
निवेदिता

---

जालना, २० फेब्रुवारी २०२४

चि. सौ. निवेदिता हीस,
पप्पांचे अ. उ. आ.

पत्र वाचून तुझ्या आईने शेजारच्यांना बोलावून चहा पाजला. मी तिला म्हटले, बिशप झाल्यासारखी काय मिरवतेस. पण उपदेशाची गोष्ट मी स्वतःच दोघातिघांना सांगितली, हे आईने तुला कळवण्याआधी मीच कळवतो.

पुलपिटवरून माणसे कळत नाहीत. आधी त्यांच्या घरी जा, त्यांच्या स्वयंपाकघरात बस, मग बोल. उपदेश लांबवू नकोस. कुशलला आणि पोरीला वेळ दे. ज्याचे घर त्याच्यापासून दुरावते, त्याची मंडळीही दुरावते. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेव. कुणाच्या घरच्या भांडणात बाजू घेऊ नकोस. पाळकाने दोघांचे हात एकमेकांच्या हातात द्यावेत आणि बाहेर यावे. मी जन्मभर तेच केले, म्हणून माझी एकही मंडळी फुटली नाही.

आई सलाम सांगते. दोघांच्या प्रार्थनेत तू रोज असतेस, आम्हालाही तुझ्या प्रार्थनेत ठेव.
तुझे,
पप्पा

---

वाराणसी, ११ मार्च २०२४

ति. पप्पा व सौ. आई यांस,
सलाम. वि. वि.

तुम्ही सांगितलंत म्हणून घरोघरी गेले. लोंढ्यांकडेही गेले. संपदाच्या स्वयंपाकघरात बसले आणि तिने पोळ्या लाटताना पदर सावरला तेव्हा दंडावरचे वळ पाहिले. मी काही विचारलं नाही, पण हवं तेव्हा ये एवढं सांगून आले. बुधवारी दुपारी ती आली. मनगट सुजून काळंनिळं पडलेलं. प्रसन्नने पिरगळलं होतं. मी तिला रिक्षात घालून हॉस्पिटलमध्ये नेलं. हाड मोडलंय, प्लास्टर घातलं. तेव्हापासून ती आमच्याकडेच आहे, अंतराच्या खोलीत.

शनिवारी कमिटीचे तिघे आले. त्यांनी चहा घेतला, प्रार्थना केली आणि म्हणाले की घरातली गोष्ट घरात राहावी, मी समजूत घालून तिला रविवारच्या आत परत पाठवावं. मी संपदाला त्यांच्यासमोर बोलावलं आणि जायचंय का विचारलं. ती नाही म्हणाली. मी म्हटलं, मग विषय संपला. काल प्रसन्न नेहमीसारखा पाठ वाचायला उठला, तेव्हा मी त्याला बसायला सांगितलं आणि पाठ स्वतः वाचला.

कुशल माझ्याशी बोलत नाहीये. त्याचं म्हणणं, ज्या माणसाने आपल्याला या गावात उभं केलं त्याला चारचौघांत बसवताना नवऱ्याला विचारावंसंही वाटलं नाही का. त्याला विचारलं नाही, हे खरं आहे.

तुमच्या आशीर्वादाची आज फार गरज आहे.
निवेदिता

---

जालना, १८ मार्च २०२४

चि. सौ. निवेदिता हीस,
आशीर्वाद.

तुझे पत्र आले त्याच दिवशी तुमच्या सेक्रेटरी लोंढ्यांचेही आले. त्यांनी मला विनंती केली आहे की वडील म्हणून आणि जुना पाळक म्हणून मी तुला समज द्यावी. ती देतो आहे.

तू एका माणसाची देवाच्या घरात लाज काढलीस. त्याची चूक असेल, पण पश्चात्तापाला एकांत लागतो. देवाने जोडलेले घर तू मोडते आहेस आणि त्यापायी तुझे घरही हलते आहे. त्या मुलीला नवऱ्याकडे पोचव. कमिटीची माफी माग. हा सल्ला समजू नकोस, ही आज्ञा आहे.

तुझ्या भल्याचीच चिंता करणारे,
पप्पा

---

वाराणसी, १ एप्रिल २०२४

ति. पप्पा यांस,
सलाम. वि. वि.

तुमची आज्ञा मी आजवर मोडली नाही. ही मोडते आहे.

संपदा परत जाणार नाही. मी माफी मागणार नाही. पश्चात्तापाला एकांत लागतो म्हणता, पण प्रसन्नला एकांत भरपूर मिळाला होता. बंद दाराआड त्याने त्या एकांतात काय केलं ते मी एक्स-रेमध्ये पाहिलं. घर मी मोडलं नाही. मोडलेल्या घरातून एक माणूस बाहेर काढलं. मंडळी एकसंध ठेवण्याची किंमत दर वेळी दाराजवळ बसणाऱ्या बाईनेच का द्यायची, याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर जरूर लिहा. मी वाचेन. तोवर मी माझ्याच मनाने चालेन.

आता कुशलचं सांगते. संपदाला एका हाताने केस विंचरता येत नाहीत, म्हणून अंतरा तिची वेणी घालते. परवा जेवताना अंतराने सरळ विचारलं की पापा, उद्या माझा नवरा असं वागला आणि अंकल लोग म्हणाले की परत पाठवा, तर तुम्ही पाठवाल का. कुशलने घास खाली ठेवला. मग त्याने संपदालाच विचारलं, वहिनी, तुम्हाला पोलिसांत जायचंय का. ती हो म्हणाली. तिच्यासोबत महिला थाण्यात कुशल स्वतः गेला आणि तक्रार घेतल्याशिवाय तिथून हलला नाही.

कमिटीने मला पुलपिटवरून उतरवलं. मोहनबाबू तेवढे विरोधात होते. काल ईस्टरची उपासना दुसऱ्यांनी चालवली. मी, कुशल, अंतरा आणि संपदा पहिल्या बाकावर बसलो होतो. दाराजवळ नाही, पहिल्या बाकावर. संपदानेच तो बाक निवडला. प्रसन्न पाठ वाचायला उभा राहिला, पुस्तक उघडलं, आणि संपदाही उभी राहिली. तिने प्लास्टरचा हात वर केला आणि म्हणाली, ज्या हातात पुस्तक आहे त्याच हाताने हा मोडला. एवढंच बोलली आणि उभीच राहिली. प्रसन्न पुस्तकाची पानं उलटत राहिला. शेवटी मोहनबाबू काठी टेकत पुढे गेले, त्याच्या हातातलं पुस्तक घेतलं आणि संपदाला दिलं. ती हळू आवाजात वाचत होती. मागच्यांना नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून लोक बाक सोडून पुढे आले. काहीजण मात्र उठून निघून गेले, तेही लिहायला हवं.

पुलपिट परत मिळेल असं वाटत नाही. घरोघरी जाणं मी थांबवलेलं नाही.

रागावलात तरी माझं नाव प्रार्थनेतून गाळू नका.
निवेदिता

---

जालना, १९ एप्रिल २०२४

चि. निवेदितास,
आईचे खूप खूप आशीर्वाद.

तुझ्या पप्पांच्या पत्राखाली मी सलामापुरती असते. आज अख्खं पत्र माझं आहे.

तुझं पत्र त्यांनी वाचलं, घडी घातली आणि बायबलमध्ये ठेवून दिलं. मग एका सकाळी मला म्हणाले, एकही मंडळी फुटली नव्हती माझी. मी म्हटलं, खरं आहे. तुम्ही ज्या बायकांचे हात नवऱ्यांच्या हातात देऊन आलात, त्यातल्या कितीतरी पुढे मागच्या दाराने माझ्याकडे येत. त्यांच्या जखमांना हळद लावायला मी होते, म्हणून तुमच्या मंडळ्या फुटल्या नाहीत. असं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. ते उठून बाहेर गेले आणि जेवायच्या वेळेलाच परत आले.

काल त्यांनी तुमच्या सेक्रेटरीला उत्तर पाठवलं. मला वाचून दाखवलं. लिहिलंय की माझी मुलगी माझ्या आज्ञेत नाही आणि तिने असूही नये, आपण आपल्या पत्नीची क्षमा मागावी, आणि तीही पत्नी सांगेल तेवढ्या माणसांसमोर.

तुझं बरोबर होतं असं ते तुला लिहिणार नाहीत, वाट बघू नकोस. पण तिकिटं काढायला शेजारच्या मुलीला त्यांनीच सांगितलं. मे महिन्यात आम्ही दोघं येतो. पहिल्या बाकावर आमच्यापुरती जागा कर. संपदाला म्हणावं, तुझ्यासाठी एक बाई जालन्याहून येते आहे आणि तुझं वाचन ऐकल्याशिवाय ती परत जाणार नाही.

कुशलला आणि माझ्या अंतराला पोटाशी धरते. आणि निवे, ते आल्यावर थोडे फुगून बसतील. तू पाया पड, चहा दे, हवं ते कर. माफी तेवढी मागू नकोस.

तुझी,
आई
(पद्मा)