शामकलाच्या हातचा फाळ

सौंदड, दि. १२ मे १९४४

चिरंजीव जावईबापू दुलीचंद, मु. कुडवा, यांस बकाराम लोहाराचा आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तुमच्या आईच्या गुडघ्यांना आराम पडला असेल. लढाईमुळे नवं लोखंड मिळत नाही, जुन्याच फाळांना तुकडे जोडून देतो.

तुमच्या गावच्या रामलालने तुमचा निरोप सांगितला. शामकला होळीला माहेरी आली ती परतली नाही, म्हणून सोमवारी तुम्ही काकांना घेऊन गाडी आणणार. पाठवली नाही तर दुसरी बायको करणार. तुमचा राग मी समजतो. मी नुसतं 'माझी तब्येत बरी नाही' एवढंच कळवत राहिलो.

फाळ जोडून देतो असं वर सांगितलं. मी नाही जोडत. ती जोडते.

होळीनंतर कुऱ्हाड ठोकताना लोखंडाचा कण उडून उजव्या डोळ्यात गेला. तो डोळा गेला, त्याच्या दुखण्याने मागोमाग डावाही गेला. गोंदियाच्या दवाखान्यात पट्टी सोडली, तेव्हा खिडकी कोणत्या अंगाला आहे ते मला कळलं नाही. घरी येऊन भिंतीला टेकून बसलो. भाता थंडच होता. मग एका सकाळी ऐरणीवर घण पडला. कोण आहे, विचारलं. पोरीचा आवाज आला.

"मीच हाय, दादा. कुठं ठोकू, सांगा."

गावाला ते खपलं नाही. ज्यांचा फाळ दुरुस्तीला आला होता ते उदारामजी पाच-सहा माणसं घेऊन दारात आले. बाईमाणसाच्या हातचा फाळ वावरात घालणार नाही, आहे तसा परत दे, म्हणाले. फाळ भट्टीत लाल झाला होता. मी दुसरी सांडशी घट्ट धरून बसलो. कोणी तिच्या अंगावर गेलं असतं, तर कुठं मारायचं तेही मला दिसणार नव्हतं. तिने फाळ पाण्यात घातला, तो चरचरला.

"थंडा होऊ द्या, उदारामजी," ती म्हणाली. "मंग न्या. हात भाजन."

 फाळ निवल्यावर ते तो घेऊन गेले. पुढच्या आठवड्यात कोणीतरी दुसरा फाळ ऐरणीजवळ ठेवला आणि खोकलं. खोकल्यावरून उदारामजी ओळखले.

हे पत्र तीच लिहून राहिली आहे. दुसऱ्या बायकोच्या गोष्टीपाशी तिचा हात थांबला. मी म्हटलं, लिही बेटी, त्यांनी म्हटलं ते लिहावंच लागते. माझ्यासाठी संसार मोडू नको, हेही सांगितलं.

"तुमच्यासाठी नाही राहून राहिली," ती म्हणाली. "मले हे काम येते."

तुमच्याबद्दल विचारलं, तर 'पुढचं सांगा' म्हणाली.

सोमवारी या. काकांना आणू नका. जे विचारायचं ते तिलाच विचारा. ती येते म्हणाली तर मी स्वतः गाडीत बसवून देईन. नाही म्हणाली तर तिला ओढून नेता येणार नाही. मी दारातच बसलेला असेन.

पूर्वी सही करत होतो. आता अंगठा लावतो.

तुमचा सासरा,
बकाराम

दादांचं लिहून झालं. हे माझं आहे, त्यांना वाचून दाखवलं नाही. गाडीत तुमचे कपडे घेऊन या, इथंच राहायला.

शामकला