मटार संपल्यावर

४ एप्रिल

प्रिय वन्सं,

वाकून नमस्कार. कंबर हल्ली अर्ध्यातच थांबते, तेव्हा उरलेला नमस्कार तुम्ही समजून घ्यायचा.

इकडे सगळं ठीक. उकाडा दारात येऊन उभा आहे, नुसतं आत या म्हणायचा अवकाश. समोरच्यांनी जाड पडदे उतरवले, शेजारणीनं पाण्याचं पिंप घासून उन्हात पालथं घातलं, वरच्या मजल्यावरची पोरं परीक्षा संपायच्या आधीच बॅगा भरून बसली आहेत. गल्लीत जो तो निघायच्या तयारीत. माझी तयारी कुठवर आली, असं तुम्ही विचारलंय. माझ्यासाठी खोली झाडून घेतलीत, खाट खिडकीशी ओढलीत, तेही वाचलं. तुम्ही म्हणजे अगदी तुम्हीच.

तर झालंय असं, की यंदा मला यायला जरा अवघड दिसतंय. एक तर नळ गळतो. दुसरं म्हणजे मांजर व्यालंय, तेही नेमकं माझ्या पलंगाखाली. आणि गुडघा. गुडघ्याचं तर विचारूच नका.

बरं, शनिवारच्या मंडळींचं ऐका. तुमच्या भावानं घालून दिलेली बैठक अजून चालू आहे. दर शनिवारी ही लिहिणारी माणसं पुढच्या खोलीत जमतात, आठवडाभर लिहिलेलं एकमेकांना वाचून दाखवतात आणि माझा चहा पितात. हेडमास्तर अध्यक्ष. त्यांचं महाकाव्य चालू आहे. त्यातला राजा दोन वर्षांपासून घोड्यावर चढतोय. डॉक्टरीणबाई रहस्यकथा लिहितात, खुनी दर वेळी कंपाउंडर निघतो. त्यांच्या खऱ्या कंपाउंडरनं परवा नोकरी सोडली म्हणे. बँकेतले कवी विरहावर लिहितात आणि मधेच घड्याळ बघतात, कारण बायकोनं सातच्या आत घरी बोलावलेलं असतं.

मी कोपऱ्यात मटार सोलत बसते. गावच्या शाळेत शिकलेली बाई मी, महाकाव्यातलं मला काय कळणार? पण या शहाण्यांनी कुठून शोध लावला कोण जाणे: वाचताना माझे हात थांबले, तर लिखाण उतरलं. नाही थांबले, तर घरी जाऊन फाडायचं! तुम्हाला म्हणून सांगते वन्सं, माझे हात थांबतात ते शेंगेत अळी निघाली की. गेल्या महिन्यात अळी नेमकी राजाला लगाम सापडतो तिथं निघाली. हेडमास्तरांनी ते पान चौकट करून भिंतीवर लावलंय. आता मी कशाला तोंड उघडू?

आणखी एक आहेत, ते निवृत्त कंडक्टर. तीस वर्षं एकाच रस्त्यावर बस चालली त्यांची, आणि लिहितात काय, तर प्रवासवर्णन! एका शनिवारी एक स्टॉप. मागच्या खेपेला तर सगळा वेळ पोस्टासमोरच्या स्टॉपवर उभे होतो, एक आजी सुटे शोधत होती म्हणून. माणूस भला. खोलीत गर्दी झाली की सवयीनं "पुढे सरका, पुढे जागा आहे" म्हणतात आणि हेडमास्तरसुद्धा सरकतात. चहाच्या कपबशा स्वतः आत आणून ठेवतात. पण त्यांच्या वाचनाला माझे हात अजून एकदाही थांबलेले नाहीत. बिचारे दर आठवड्याला जुनं फाडून नवं लिहून आणतात. त्यांच्या वेळी अळ्याही निघत नाहीत, त्याला मी काय करू?

तर असं आहे. खाट पुन्हा जागेवर सरकवा, पाठीत भरेल तुमच्या.

तुमची
वहिनी


११ एप्रिल

प्रिय वन्सं,

पत्र मिळालं. वाचताना तुमचा आवाज इतका स्पष्ट ऐकू आला की मी उठून दार लावून घेतलं.

नळाचं म्हणाल, तर तो दुरुस्त झाला. कोणी केला हे काही महत्त्वाचं नाही.

मांजराच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. बोका आहे खरा. बोका कसा व्याला असं तुम्ही विचारलंत, ते आता त्यालाच विचारावं लागेल. तुमच्या एवढं लक्षात राहील असं वाटलं नव्हतं. आणि गुडघा गेल्या उन्हाळ्यात डावा होता, यंदा उजवा कसा, तर वन्सं, दोन आहेत. पाळी पाळीनं दुखतात.

"हा कंडक्टर कोण? हेडमास्तरांना दोन ओळी आणि कंडक्टरला अर्धं पान?" असं खाली रेघ मारून विचारलंत. कोण म्हणजे काय? कंडक्टर. मागच्या गल्लीत राहतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लांब असते. झालं. पोलिसात आहात का तुम्ही?

इथं आता सामसूम होत चालली आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, उकाड्यात खून सुचत नाहीत, सगळ्यांबद्दल नुसती कणव येते. कवींच्या घरी रंगकाम निघालंय, वह्या कुठल्या खोक्यात गेल्या ते बायकोलाच ठाऊक, आणि ती सांगत नाही. हेडमास्तर लेकीकडे निघालेत. राजाला तसंच एक पाय रिकिबीत अडकवून ठेवलंय, जूनपर्यंत. येता शनिवार शेवटचा. मग पावसाळ्यापर्यंत पुढची खोली बंद.

भाजीवाला म्हणतो, मटारही संपला.

तुमची
वहिनी


१९ एप्रिल

प्रिय वन्सं,

नमस्कार. आज पूर्ण वाकले. का ते पुढे कळेल.

काल शेवटची बैठक झाली. मटार नव्हता, हे मी लिहिलंच होतं. पण त्यानं काय होईल हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. मी मोकळ्या हातानं येऊन बसले, तशी सगळ्यांची तोंडं उतरली. हेडमास्तर म्हणाले, "आज सोलायला काहीच नाही?"

"संपला हो मटार."

"मग कळणार कसं?"

कवी म्हणाले, "गवार चालेल. मी आणू धावत जाऊन?"

"तुम्ही बसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गेलात की घरीच जाल."

शेवटी मीच उठले आणि आतून गरम कपड्यांची ट्रंक ओढत आणली. नाहीतरी स्वेटर-शाली घड्या करून, डांबराच्या गोळ्या घालून ठेवायच्याच होत्या. म्हटलं, आज घड्यांवर भागवा. हेडमास्तरांनी वाचलं, मी घड्या घातल्या. डॉक्टरीणबाईंनी वाचलं, घड्या. या खेपेला खुनी कंपाउंडर नव्हता, कंपाउंडरचा भाऊ होता. मग कंडक्टर उठले.

वन्सं, आता खरं सांगते. कंडक्टर वाचायचे तेव्हाही अळ्या निघायच्या. मी हात थांबवत नव्हते. एकदा तर अळीसकट वाटाणा भांड्यात टाकला आणि नंतर सगळं भांडं बोक्यापुढे ओतलं. बाकीच्यांसाठी हात थांबला तर काय बिघडतं? पण त्यांच्यासाठी थांबला असता तर सगळी खोली बघणार. आणि तेही बघणार.

काल त्यांनी वाचला तो आपल्या घरासमोरचा स्टॉप. एक गृहस्थ दर उन्हाळ्यात बायकोला घेऊन तिथं चढायचे आणि शेवटच्या स्टॉपची तिकिटं मागायचे. म्हणायचे, "दोन द्या. एक मला आणि एक आमच्या वरच्या साहेबांना." आमच्या कंडक्टरना वाटलं, बाई खरोखरच कुठल्या तरी कचेरीत मोठ्या हुद्द्यावर आहेत! तेव्हापासून ते मला बघितलं की खिडकीची जागा रिकामी करून द्यायचे, दारात सलाम ठोकायचे. मी इतकी वर्षं समजत होते, काय सालस माणूस आहे. हा सलाम साहेबाला होता, मला नव्हताच. सगळी खोली हसत होती. मीही हसत होते, घड्या घालत.

मग त्यांनी पुढचं वाचलं. ते गृहस्थ भर उन्हाळ्यात, शेवटच्या आधीचा स्टॉप गेला की पिशवीतून एक भला लांब लोकरीचा मफलर काढायचे आणि गळ्याला गुंडाळायचे. घामाच्या धारा लागायच्या. एकदा कंडक्टरनी विचारलं, "साहेब, बरं नाही का?" तर म्हणाले, "छान आहे मी. बहीण स्टॉपवर उभी असते. तिनं विणलाय. माप जिराफाचं घेतलंय, पण गळ्यात दिसला नाही तर तिचं तोंड एवढंसं होतं."

तुम्हाला हे माहीत नव्हतं. मला माहीत होतं. तुमच्या भावानंच मला बजावलं होतं की तुम्हाला कधी सांगायचं नाही, आणि हे काही मी सांगितलेलं नाही, कंडक्टरांनी वाचलेलं तुम्हाला कळवलं.

तो मफलर तेव्हा माझ्या हातात होता वन्सं. घडी घालायची म्हणून धरलेला. आणि हात थांबले.

मग हेडमास्तर ओरडले, "थांबले! हात थांबले!" टाळ्या. कवींनी तर कंडक्टरांना मिठीच मारली. मी म्हटलं, डांबराच्या गोळ्यांनी डोळ्यांत पाणी आलंय, खिडकी उघडा कोणीतरी. खिडकी उघडीच होती.

सगळे गेले. एकमेकांना "जूनला भेटू" म्हणत, जिना उतरतानासुद्धा राजाच्या घोड्यावर भांडत. कंडक्टर कपबशा घेऊन आत आले.

"नणंदेकडे कधी निघणार?" म्हणाले.

"बघते. गुडघा—"

"कुठला?"

मी कपबशा मोजायला लागले. ते म्हणाले, "माझं पुस्तक शेवटच्या स्टॉपवर अडलंय. तीस वर्षं तिथवर गेलो, पण उतरून कधी बघितलं नाही. गाडी वळवायची घाई. तुम्ही उतरता, पुढे रस्ता कुठं जातो ते मला माहीत नाही. दाखवाल?"

"दाखवीन की. त्यात काय."

"आणि परतीची तिकिटंही जोडीनंच काढली तर? नुसती या वेळची नव्हे. यापुढची."

वन्सं, आयुष्यभर सगळ्यांना टोमणे मारणारी मी. मला काय सुचावं? म्हटलं, "सुटे नाहीत."

ते म्हणाले, "बाकी नंतर घ्या." आणि कप विसळायला लागले.

आता तुमच्या लक्षात आलं असेल बोका का व्याला. यायचं नव्हतं असं नाही. तुमच्यासमोर बसून हे पोटात ठेवणं जमलं नसतं. तुम्ही माझ्याकडे एकदा बघितलं असतंत आणि मी सगळं ओकून मोकळी झाले असते.

लोक काय म्हणतील याची मला भीती नाही. लोकांबद्दल मी आधीच इतकं म्हटलंय की त्यांचीच पाळी आहे. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, तुला पटेल ते कर," आणि मग हळूच विचारलं, "त्यांना बसचा पास फुकट असतो का?" हा तुमच्या भावावर गेलाय. भीती एकच आहे. तुमचे भाऊ गेले त्या वर्षी माझ्याजवळ कोणी राहिलं, तर तुम्ही. तुम्ही मला जेवायला बसवलंत, रागावलात, माझी वेणी घातलीत. ते सगळं भावाच्या बायकोसाठी होतं. मी आणखी कोणाची झाले, तर तुमची कोण? या नात्याला मला तरी नाव माहीत नाही, आणि नाव नसलेल्या बाईसाठी कोणी खाट खिडकीशी ओढत नाही.

उत्तर लांबलचक लिहू नका. पाकीट फोडून मी फक्त मायना बघणार आहे. नेहमीसारखं "प्रिय वहिनी" असेल, तर आम्ही दोघं येऊ. त्यांची सोय स्टॉपजवळच्या लॉजवर, तुम्ही फक्त चहा द्या आणि तुमच्या पोलिसी नजरेनं बघून घ्या. दुसरं काही असेल, तर मी एकटी येईन, दोन्ही गुडघ्यांसकट, आणि हा विषय पुन्हा काढणार नाही. त्यांनाही तसं सांगून ठेवलंय. ते म्हणाले, थांबतो. थांबायची सवय आहे त्यांना, स्टॉपच्या कामातच जन्म गेला.

कसंही असो, मफलर ट्रंकेत गेला नाही. पिशवीत घेतलाय. शेवटच्या आधीचा स्टॉप गेला की मी तो गळ्यात घालणार आहे, मग कितीही घाम येवो. तुम्ही उभ्या राहा.

तुमची

(इथं नेहमीचा शब्द लिहायला गेले, तर हात थांबला. शपथेवर सांगते, अळी नाही.)