ऑम्लेटमधले मीठ

गुरुवार, २० नोव्हेंबर १९९७
भाईंदर

आज सकाळी सुलभेला मी लग्नानंतर प्रथमच ऑम्लेट करून दिले. चौकातल्या कोळीणबाईकडची गावठी अंडी, एकसारखा चिरलेला कांदा, मंद आच. कडा करपू दिल्या नाहीत. तिच्या हातून त्या नेहमी करपत आणि तीस वर्षे मी ते तिला दर वेळी ऐकवत आलो. तिने निमूटपणे सगळे संपवले.

"छान झालंय," म्हणाली.

मग तव्यावर उरलेला तुकडा मी तोंडात घातला आणि थुंकून टाकला. मीठ दोनदा पडले होते. माझ्या हातून.

"मीठ कसे होते?" मी तिला विचारले.

"बरोबर होतं की," माझ्याकडे न बघता ती म्हणाली.

कॅन्सरच्या इंजेक्शनांनी तिची चव जाऊ लागली तर लगेच कळवा, असे डॉक्टरांनी बजावले आहे. उद्या त्यांना काय सांगू? मीठ तिला खरोखरच लागले नाही, की लागूनही ती बोलली नाही?

संध्याकाळी मुलीला, मुक्ताला, हे विचारले. भांडी पुसता पुसता ती म्हणाली, "बाबा, आई तुम्हाला कधी खरं सांगते का? घाबरते ती तुम्हाला."

असल्या उद्धटपणाला मी उत्तर देत नाही. पण मीठ... इतके खारट तिने कसे गिळले असेल?

तिची चव गेलेलीच असावी, अशी मी दिवसभर मनातून इच्छा करतो आहे.