दुपट्टा टाकून धरलेली जागा

१४ फेब्रुवारी १९७९, भंडारा

पोचलो! वरठीला रेल्वेतून उतरलो आणि टांग्याने गावात आलो. नोकरी झकास आहे. भैय्यालालशेटच्या यात्रागाडीचा मॅनेजर. इथून थेट काठमांडू, पशुपतिनाथाची शिवरात्र आणि परत. दातारांच्या घराण्यात परदेशी जाणारा पहिला मीच, बसने का होईना. पुण्याला बायकोला, नलिनीला कार्ड टाकलं, महिन्याभरात नेपाळी शाल घेऊन येतो म्हणून.

गाव यथातथाच. चहात साखर ओततात आणि दर वाक्याला 'काहून' म्हणतात. यांना परदेश दाखवायचा म्हणजे गाढवापुढे वाचली गीता.

१७ फेब्रुवारी, जबलपूर

निघालो एकदाचे. नदीपलीकडे कारध्याला गाडी लागली आणि लोक तुटून पडले. सीटवर नंबर रंगवलेले असताना खिडक्यांतून गड्यांचे खांद्यावरचे दुपट्टे, टोप्या, पिशव्या आत टाकून जागा धरल्या. एकीने तर पोरच टाकलं. टपावर तांदळाची पोती, स्टोव्ह, कुणाची तरी खाट. ड्रायव्हर ईश्वर निवांत तंबाखू मळत होता.

माझ्या वाट्याला इंजिनाशेजारची गरम गादी. आणि पुढची खिडकीची जागा रिकामी, तिच्यावर पिवळा दुपट्टा! शेजारी कारध्याची रंभाबाई. विचारलं तर म्हणाली, माह्या मालकाची जागा होय. नागपूर गेलं तरी मालकांचा पत्ता नाही. सिवनीच्या घाटात माझं डोकं सटकलं. दुपट्टा उचलला, बुटांवरची धूळ पुसली आणि खिडकीबाहेर भिरकावला. बसलो ऐसपैस.

मागचे सगळे उठून माझ्याकडे बघू लागले. रंभाबाईने नुसता पदर आवरून घेतला. या लोकांना अशीच जरब हवी.

१९ फेब्रुवारी, बनारस

जरब भलतीच कामी आली. पहिलं ताट मला, पहिलं पाणी मला.

रंभाबाईचा दीर टेकचंद याने आज कारण सांगितलं. मालक, म्हणजे तिचा नवरा जागेश्वर, दिवाळीतच वारला. पशुपतिनाथाचा नवस फेडायचा राहिला. त्यांच्यात अशा माणसाचा दुपट्टा जागेवर बसवून यात्रा करवतात आणि परत आल्यावर वैनगंगेत सोडतात. मग तो सुटतो. तोवर त्या जागी कुणी बसत नाही. मी पोट धरून हसलो. मेलेल्याचं तिकीट काढणारे लोक! जाताना टेकचंद मला भाऊ म्हणाला. बावळट.

२२ फेब्रुवारी, सोनौली, नेपाळची सरहद्द

काय गोंधळ! ट्रक, सायकलरिक्षा, शेळ्या, नोटा बदलून देणारे, आणि आमची मंडळी भर रस्त्यात स्टोव्ह पेटवून भात शिजवतात. धुक्यातून डोंगर दिसले तेव्हा मात्र सगळे हात जोडून उभे राहिले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

चौकीवर शिपायाने यादी बघून जागेश्वर कोण म्हणून हटकलं, तेव्हा रंभाबाईने माझा हात धरून मला पुढे केलं. आपला नवरा म्हणून! मी ओरडलो. सगळ्या गाडीने माना डोलावल्या. शिपायाने मलाच दटावलं, बायकोशी असं बोलतात का. अडाणी सगळे.

हाताला बिडीचा वास येतो आहे. मी बिडी ओढत नाही.

२५ फेब्रुवारी, काठमांडू

देवळात जाणार नव्हतो. गेलो. बेल वाहिला आणि तोंडातून आपोआप शब्द निघाले, की शेताच्या धुऱ्यावरच्या विहिरीला पाणी लागलं, देवा, बोललो होतो तसा आलो. मला कुठलं शेत? कुठली विहीर? रंभाबाई मागे उभी राहून डोळे पुसत होती.

मला भीती वाटते आहे.

१ मार्च, गोरखपूर

पळालो. स्टेशनवर तिकीट काढलं, बाकावर बसलो. डोळे मिटले, एवढंच. उघडले तर समोर ईश्वरची पाठ — खिडकी — शेजारी तिचा पदर. मागच्या सीटवर जाऊन बसलो. पुन्हा तीच जागा. कुणी ओढत नाही, कुणी रागवत नाही. पाणी हवं का, एवढंच विचारतात. मूर्ख, मूर्ख लोक —

३ मार्च

नलिनीचा चेहरा आठवत नाही. बैलांची नावं आठवतात.

५ मार्च

नागपूर मागे पडलं. रंभाबाईला हात जोडले. म्हटलं, बाई, मी दातार, मी जागेश्वर नाही, मला घरी जाऊ द्या. ती म्हणाली, मले मालूम हाय, साहेब. पन त्यायलेबी सुटाचं हाय ना.

तिला ठाऊक आहे. सगळ्यांना ठाऊक आहे मी कोण — पहिल्यापासून —

भंडाऱ्याला थांबव म्हटलं. ईश्वर थांबला नाही.

पूल. कारधा. गाडी रस्ता सोडून नदीकडे उतरली. इंजिन बंद. काठावर माणसं, फुलं. पाय उचलत नाहीत. ती जवळ येऊन हळूच विचारते, दुपट्टा तं तुमी फेकला, साहेब, आता पान्यात काय सोडू?

टेकचंदने हात धरला. म्हणतो, भाऊ, चला. सगळे रडताहेत. माझ्यासाठी नव्हे. मी दातार, पुण्याचा, नलिनीला कुणीतरी —