व्हॅनिलावाली

४ मार्च

चि. बेबीस,
अ. उ. आ. वि. वि.

पाकीट बघून तू आधी घाबरशील आणि मग फोन का नाही केला म्हणून चिडशील. आमच्या घरात फोनवरचं बोलणं सगळ्या खोल्यांत ऐकू जातं, आणि वास फोनवरून पाठवता येत नाही. म्हणून पत्र.

तुझ्या दादाच्या कपड्यांना वास येतो. घामाचा असता तर तुला कशाला लिहिलं असतं? गोड वास येतो. एक दिवस व्हॅनिला, एक दिवस स्ट्रॉबेरी, आणि मध्येच कधी अति पिकलेला अननस. हा माणूस लग्नापासून एकच पांढरा साबण वापरतो. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत दिवसभर पाइपांचे नकाशे काढतो, तरी बोटाला शाई लागू देत नाही. तो आता संध्याकाळी उशिरा येतो, सरळ न्हाणीघरात घुसतो आणि मागे सगळ्या घरात लहान पोरीचा वाढदिवस दरवळत राहतो. विचारलं तर काम होतं म्हणतो.

मी रडले, हे तुझ्यापासून लपवत नाही. पण रडून झाल्यावर जास्त संताप आला तो त्या बाईच्या आवडीचा, जी कोण असेल ती. एखादी चंदन लावणारी, करारी बाई असती तर मी निदान म्हटलं असतं की माणसाने निवड तरी केली. ही व्हॅनिलावाली! स्वतःला चमच्याने खाऊन घ्यायची हौस असलेली बाई. मी दातांची डॉक्टर; लोकांनी गोड खाऊन करून ठेवलेली घाण रोज उपसते, आणि नवरा संध्याकाळी तीच अंगाला लावून घरी आणतो.

तू सेंटच्या काउंटरवर उभी असतेस. असे जे काही गोडमिट्ट सेंट असतील त्यांचे वास कागदाच्या पट्ट्यांवर घेऊन पाठव. अर्ध्या गावाच्या बायका माझ्या खुर्चीत येऊन आ करतात. सेंट ओळखीचा झाला की वाकल्याबरोबर बाई कळेल. तेव्हा हातात ड्रिल असेल, त्याचं काय करायचं ते नंतर बघू.

लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी,
वहिनी

१० मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानात काउंटरखाली बसून वाचलं आणि हसू दाबताना दोन बाटल्या आडव्या केल्या. रागावू नकोस. पण दादा आणि बाई? ज्याला चपला घ्यायला जातानासुद्धा सोबत लागते, जो लग्नाआधी तुला भेटायला आला तेव्हा मला बरोबर घेऊन आला, तो हे एकट्याने कसं जमवेल? मग तू रडलीस ते वाचलं आणि हसू जागच्या जागी विरलं. पट्ट्या पाठवते आहे.

गोड सेंटांच्या कोपऱ्याला आम्ही मुली आपसात बालवाडी म्हणतो. बाटल्याही तशाच, कुणी फुलपाखरू, कुणी उंच टाचेची चप्पल. गिऱ्हाईक मनगटावर फवारा मारून घेतं आणि हमखास म्हणतं की अगदी खावंसं वाटतं. मला दर वेळी म्हणावंसं वाटतं की मग खा, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला जागा कर. त्यातलं एकही फळ झाडाला लागलेलं नसतं. एका सेंटमध्ये रास्पबेरी आहे म्हणे. ती मला फक्त लहानपणच्या खोकल्याच्या औषधात भेटली आहे. आणि खपतं तेच. शहाणासुरता कडवट सेंट वर्षभर कपाटात धूळ खातो आणि व्हॅनिला दुपारपर्यंत संपतो. आमची मॅनेजरीण तो स्वतःही लावते. ती आली की लिफ्टमध्ये आम्ही श्वास धरून उभ्या असतो.

पट्ट्या वेगवेगळ्या पुड्यांत आहेत, वर आकडे घातलेत. सगळ्या एकदम हुंगू नकोस. मध्ये मध्ये स्वतःच्या बाहीचा वास घे, म्हणजे नाक ताळ्यावर येतं. आणि वहिनी, पट्ट्या हुंगण्यापेक्षा दादाला सरळ विचारलंस तर?

कळव लवकर. मला इथे चैन पडत नाही. माझ्यावर माया असू दे.

तुझी,
बेबी

१९ मार्च

चि. बेबीस,
अ. उ. आ. वि. वि.

दवाखाना बंद करून, खिडक्या उघडून, तुझी बालवाडी एकेक करून हुंगली. पहिली पट्टी: फरशीवर सांडलेलं आइस्क्रीम कुणीतरी मखमलीने पुसलं आणि ती मखमल धुवायची राहिली. दुसरी स्ट्रॉबेरी नव्हे, स्ट्रॉबेरीच्या वासाचं खोडरबर. तिसऱ्या पट्टीवर पीच आहे असं तू लिहिलंस म्हणून कळलं, नाहीतर मी न्हाव्याची पावडर म्हटलं असतं. चौथीत साखर करपवली आहे आणि वर हे मुद्दामच केलंय असा आव आणलाय. पाचवी उघडली आणि मिटली. एवढे पैसे घालून माणसं स्वतःला बिस्किटाच्या डब्याची कळा का आणतात, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

पण यातला एकही नाही. तुझ्या प्रत्येक सेंटमागे काहीतरी आहे, पावडर, फुलं, लाज झाकायला थोडं लाकूड. शर्टावरच्या वासामागे काहीच नाही. नुसती उघडीवाघडी व्हॅनिला. म्हणजे बाईकडे आवड तर नाहीच, आडपडदाही नाही.

तुझं ऐकून रविवारी चहाच्या वेळी त्याच्यासमोर बसले. म्हटलं, मला सगळं कळलंय, तुझ्या शर्टांनी सांगितलं. तो पांढराफटक पडला. बशीकडे बघत म्हणाला की तुला कळलं की तू हेच तोंड करशील म्हणून बोललो नाही. मी म्हटलं, मग सोड. त्याने मान वर न करता सांगितलं की ते मात्र सोडणार नाही. ज्या माणसाने आजवर मला भाजीच्या बाबतीतसुद्धा नाही म्हटलं नव्हतं, त्याने हे सांगितलं.

दुसऱ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात मला जागा देऊ केली आहे, ते तुला माहीत आहे. महिनाअखेर उत्तर द्यायचंय. मी त्याला सांगितलं की होकार देणार आणि एकटीच जाणार. त्याने नुसती मान डोलावली. बेबी, तो अडवेल असं मला वाटलं होतं. अजूनही स्वयंपाकघरात पाऊल वाजलं की वाटतं, आता अडवायला आला.

त्याच्या बोटांवर भाजल्याचे डाग आहेत. बाई याच्याकडून रांधूनही घेते वाटतं. माझ्या घरात याला काडेपेटी कुठे असते ते ठाऊक नाही. कालचा शर्ट न धुता तुला पार्सलने पाठवते आहे. तूच हुंग आणि सांग. जाण्याआधी निदान ती कोण ते मला कळायला हवं.

तुझा लोभ आहे, तोच एक आधार आहे.

तुझी,
वहिनी

२४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आज वहिनीने पाठवलेलं पार्सल काउंटरवर फोडलं. आत तुझा शर्ट होता आणि शर्टभर मुंग्या होत्या. त्या बाटल्यांवर चढल्या, मॅनेजरीण किंचाळली, आणि मी वेड्यासारखी हसत सुटले.

दादा, मी इतकी वर्षं सेंट विकते. महागातल्या महाग व्हॅनिलालाही मुंगी ढुंकून बघत नाही. मी बाही चाटून पाहिली. हो, काउंटरवर, गिऱ्हाइकांसमोर. साखर आहे. वहिनीने आणि मी तो वास सगळ्या बाटल्यांत शोधला, कारण मला वास म्हटलं की बाटलीच आठवते. आणि वहिनीला तर बाईशिवाय काही दिसतच नव्हतं. होय, बाई. तिला वाटतंय की तू बाई ठेवली आहेस. ती महिनाअखेर घर सोडून निघाली आहे ती त्यासाठी.

तू संध्याकाळी जातोस कुठे? उलट टपाली लिही. नाहीतर मी स्वतः येऊन विचारीन, आणि माझा आवाज तुला माहीत आहे.

धाकटीवरचा जीव कमी करू नकोस.

तुझी,
बेबी

२६ मार्च

चि. बेबीस,
अ. उ. आ. वि. वि.

मुंग्यांबद्दल तुझ्या मॅनेजरीणबाईंची माफी माग. बाई ठेवली हे वाचून क्षणभर छाती फुगली, खोटं कशाला बोलू? मग पत्र पुन्हा वाचलं. ती शर्टांनी सांगितलं म्हणाली, तेव्हा मला वाटलं तिला साखरच कळली. आणि साखरेपायी ती मला सोडून जाईल हे मला खरं वाटलं.

नदीपलीकडे गोळ्या-टॉफीचा एक कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक लांब खोली आणि चार माणसं. त्यांचं गटार तुंबल्याची तक्रार कचेरीत आली म्हणून नकाशा घेऊन गेलो, तर ते पाकाने तुंबलं होतं. म्हातारा मालक उकळता पाक दगडी ओट्यावर ओतत होता. तो जरा आळला की भिंतीतल्या आकड्यावर टाकून ओढायचा, दुमडायचा, परत ओढायचा. ओढता ओढता तो तपकिरी गोळा चांदीसारखा होतो. मी बघत राहिलो. त्याने विचारलं, ओढायचाय का? मी कोट काढला. तेव्हापासून कचेरी सुटली की जातो. मी आखलेले सगळे पाइप जमिनीखाली गेले, कुणी पाहिले नाहीत. इथे संध्याकाळी केलेली गोळी सकाळी कुणाच्या तरी गालात असते.

दातांच्या डॉक्टरणीला हे कसं सांगू? तिच्यासमोर चहात दुसरा चमचा साखर घालायलाही मला सबब लागते. ती वाईट नाही. ती म्हणते ते बरोबर असतं, हीच पंचाईत आहे. तिने एखाद्या गोष्टीला नाव ठेवलं की पुढे ती गोष्ट मला तशीच दिसायला लागते. ही एक मला तशी दिसायला नको होती.

तू तिला काही कळवू नकोस. मी सांगेन, धीर आला की.

आहे तशी माया ठेव.

तुझा,
दादा

३१ मार्च

चि. बेबीस,
अ. उ. आ. वि. वि.

कळवू नकोस म्हणून सांगितलेलं पत्र जसंच्या तसं माझ्या पाकिटात घालून पाठवलंस, हे तुझ्या स्वभावाला धरूनच झालं. दोन दाढांच्या मध्ये वाचलं. नंतरच्या पेशंटला उद्या ये म्हणून सांगितलं आणि नदीपलीकडे गेले.

आधी वासच अंगावर आला. त्या बाबतीत माझं मत बदललेलं नाही. व्हॅनिला हा ज्यांना दुसरं काही सुचत नाही त्यांचा वास आहे. दार उघडं होतं. तुझा दादा बाह्या सरसावून आकड्यावरचा पाक ओढत होता, कपाळावर साखर होती, आणि तो हसत होता. शेजारचा कामगार काहीतरी म्हणाला आणि तो मान मागे टाकून हसला. मला त्याचं हे हसणं माहीत नाही, बेबी. क्षणभर वाटलं, बाई असती तर बरं झालं असतं. तिला मी नावं ठेवून चार दिवसांत संपवलं असतं.

मग त्याने मला पाहिलं. तो पळाला नाही. बाजूला सरकला आणि त्या ओट्याच्या पुढे आडवा उभा राहिला, मी त्या पाकाला नावं ठेवू नयेत म्हणून. दातांच्या कवचावर मी वाटेत चांगलं भाषण जुळवलं होतं, ते सोडून दिलं. त्याच्या पाठीमागे हात घालून ताटातला टॉफीचा एक तुकडा उचलला आणि तोंडात टाकला.

तो कोमट होता. वरची दाढ आणि खालची दाढ अशी काही चिकटली की जबडा हलेना. उं एवढाच आवाज निघाला. त्याने थोडी वाट पाहिली. मी काहीच बोलत नाही म्हटल्यावर तो बोलायला लागला. आधी गटाराचं सांगितलं, मग पाक कधी उतरवायचा ते, मग म्हाताऱ्याचे हात आता थरथरतात ते, मग घरी येताना दाराशी थांबून तो रोज काय काय ठरवतो आणि गिळून टाकतो ते. इतक्या वर्षांच्या संसारात मी गप्प आणि तो बोलतोय असं कधी झालं नव्हतं. सगळं सांगून झाल्यावर त्याने विचारलं की रुग्णालयाला होकार कळवलास का, जाणार आहेस का.

तोवर टॉफी विरघळली होती आणि माझं तोंड मोकळं झालं होतं. मी हात पुढे केला आणि दुसरा तुकडा घेतला.

लोभ होता तसा वाढू दे.

तुझी,
वहिनी